आधी वेलांटी की आधी अक्षर

उसाचे ट्रॅक्टर रस्त्यावर आले की माझं एका जागी बसणं मोडतं. क्लासची खिडकी ढोकीकडे जाणाऱ्या रस्त्यावर उघडते. मागे दोन-दोन ट्रॉल्या, पुढे गाण्यांचा दणदणाट, असं एकेक धूड कळंबातून जायला लागलं की टेबलांवरच्या काचा बारीक थरथरतात, कीबोर्डांवर धूळ बसते आणि मी फडकं घेऊन उठते. आत्ताच पुसलेलं असतं, तरी उठते. पुसून झालं की पडदा सरकवते. मग तोच परत मागे घेते. नवरा म्हणतो, "कारखाना पेटला की तुझ्या पायाला भिंगरी लागते."

बाकीच्यांना हे दिवस आवडतात. ज्वारी पोटरीतून बाहेर पडलेली असते, हरभऱ्याच्या घाट्यांत दाणा धरतो, सकाळी सात वाजता तोंडातून वाफ निघते आणि रस्त्यावर पडलेला ऊस उचलून खायला कुणाची परवानगी लागत नाही. माझ्या डोक्यात मात्र या दिवसांना एकच नाव आहे, टायपिंगची परीक्षा. मी इथे टायपिंगचा क्लास चालवते. आधी लोखंडी मशीन होत्या, त्यांचा खडखडाट चौकापर्यंत जायचा. आता कॉम्प्युटर आहेत. त्यांचा आवाज सुपात दाणे निवडल्यासारखा येतो. अशा आवाजात कोण चुकतंय हे कानाला कळत नाही, म्हणून मला पाठीमागून फिरत राहावं लागतं. फिरायची सवय तिथून लागली असेल. किंवा ती आधीपासूनच असेल आणि मी धंदा तिला शोभेल असा निवडला असेल.

काही वर्षांपूर्वी याच दिवसांत सुजाता आली. पस्तिशीची, काटक, डोक्याला स्कार्फ बांधलेला, पर्समध्ये न मावणारा स्टीलचा डबा हातात धरलेला. तिचा नवरा तालुक्यातल्या एका कार्यालयात लिपिक होता. तो आजारपणात गेला आणि अनुकंपा म्हणून त्याच्या जागी हिला घेतलं. अट एक होती. ठरलेल्या मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, मिनिटाला तीस शब्दांची. नाही झाली तर नोकरी संपली. दुसऱ्या एका क्लासातून बसून ती दोनदा नापास झाली होती. मुदतीत बसणारी ही शेवटची परीक्षा. घरी सासू, शाळेत जाणारी मुलगी आणि शेजारच्या दारात दीर. दिराचं म्हणणं पहिल्यापासून होतं की ही जागा त्याला मिळायला हवी होती.

हे सगळं तिने उभ्या-उभ्या सांगितलं. मी म्हटलं, "बस आधी. कुठं अडतं ते सांग."

"अडत न्हाय मॅडम. उलटं पडतं."

"काय उलटं पडतं?"

"वेलांटी."

मी तिला 'विनंती' हा शब्द टाइप करायला सांगितला. तिने सरसर बोटं चालवली. वेग वाईट नव्हता. पडद्यावर उमटलं, 'वनिंती'. मग 'किरण' सांगितलं. उमटलं, 'करिण'.

मला तेव्हाच कळलं की ही मुलगी कच्ची नाही. हिला दोन गोष्टी येतात आणि त्या एकमेकींच्या पायात पाय घालतात.

मराठी टाइप करायच्या दोन रीती आहेत. जुनी रीत लोखंडी मशीनवरून आलेली. तिच्यात अक्षर जसं डोळ्याला दिसतं तसं टाइप करायचं. पहिली वेलांटी अक्षराच्या डावीकडे दिसते, म्हणून आधी वेलांटीची कळ, मग अक्षराची. नव्या रीतीत शब्द जसा कानाला ऐकू येतो तसा टाइप करायचा. 'वि' म्हणताना आधी व येतो, मग इ. म्हणून आधी अक्षर, मग वेलांटी. कळांच्या जागाही वेगळ्या. परीक्षेत माझ्या क्लासची मुलं जुनी रीत वापरत, सुजाताही आधी तीच शिकलेली. सुजाताच्या कार्यालयात नवी. दिवसभर ती नव्या रीतीने पत्रं करायची आणि संध्याकाळी जुन्या रीतीचा सराव. सरावात बोटं कार्यालयातली सवय काढायची आणि वेलांटी पुढच्या अक्षरावर जाऊन बसायची. उलट कार्यालयात कधी जुनी सवय उफाळली, तर वेलांटी आधी यायची. तिला बसायला अक्षरच नसायचं. अशा वेळी कॉम्प्युटर ठिपक्याठिपक्यांचा एक रिकामा गोल काढतो आणि त्यावर वेलांटी टेकवतो.

"साहेब काय म्हणले म्हाईत हाय का?" सुजाता म्हणाली. "म्हणले, सुजाताबाई, विनंतीअर्ज लिहिलाव का लाडू वळलाव?"

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणलं, साहेब, येळवस जवळ आली की. उंडे हैत ते."

येळवसेच्या सणाला बाजरीच्या पिठाचे गोल उंडे वळतात. ती हसली, मीही हसले. मग तिने डबा या हातातून त्या हातात घेतला आणि म्हणाली, "मॅडम, बोटं माजी हैत का भाड्यानं आणलेली, तेच कळंना गेलंय."

तेव्हापासून परीक्षा होईपर्यंत माझं लक्ष दुसऱ्या कशात नीट लागलं नाही. तशी ती काही माझी नात्याची नव्हती. आमचं घर शिवपूजेतलं, उमरग्याचं व्यापारी, तिचं बौद्ध, इथल्याच एका खेड्यातलं. पण मला अर्धवट चाललेली गोष्ट बघवत नाही. नळ ठिबकत असला की मी दुसऱ्याच्या घरीसुद्धा उठून बंद करते. ही तशीच एक ठिबक होती.

सरळ उपाय होता, महिनाभर नवी रीत बंद ठेवायची. ते जमणारं नव्हतं, कारण कार्यालय बंद ठेवता येत नाही. कीबोर्डवरची एक कळ दाबून एकाच पडद्यावर इकडून तिकडे जाता येतं, तेही करून पाहिलं. चार ओळी जुन्या, चार नव्या. त्याने तर कहरच झाला. कळ दाबली होती की नव्हती, हे तिला आठवेना. पडदा तोच, पांढरा कागद तोच, बाजूची घड्याळं-चित्रं तीच. बोटांना कळणार कसं, की आता दुसरा कायदा लागू झाला? ती एक शब्द टाइप करायची आणि माझ्याकडे बघायची, बरोबर आला का म्हणून. परीक्षेत माझ्याकडे कुठून बघणार?

याच्यावर विचार करताना मला उमरगा आठवलं. मी जुन्या आठवणींत रमणारी बाई नाही. पण हे कामाचं होतं.

उमरग्याला आमचं कापडाचं दुकान पुढे आणि घर मागे. घरात कानडी, दुकानात मराठी. मधे एक उंबरा. वडील दुकानातून मराठीत हाक मारायचे, "चहा पाठवा", आणि आई आतून कानडीत उत्तर द्यायची. आम्ही भावंडं उंबऱ्यावरून दिवसातून शंभरदा ये-जा करायचो आणि पाय पलीकडे पडला की जीभ आपोआप बदलायची. कुणी शिकवलं नव्हतं. आत आजी विचारायची, "ऊटा आतेन?" आणि जेवण झालं असलं तर कानडीत हो म्हणून बाहेर येता येता गिऱ्हाइकाला "काय दाखवू मावशी?" व्हायचं. चूक कधी व्हायची नाही. चूक व्हायची ती फक्त उंबऱ्यावर उभं राहिल्यावर. आतून आई बोलते आहे, बाहेरून गिऱ्हाईक बोलतंय, आणि आपण मधे. मग तोंडातून असं काही निघायचं की दोन्हीकडचे हसायचे. वडील ओरडायचे, "ए, एक तर आत हो नाही तर बाहेर ये."

सुजाता उंबऱ्यावर उभी होती. तिला आत किंवा बाहेर जायला दोन खोल्या हव्या होत्या. मी तिला एकाच खोलीत दोन भाषा बोलायला लावत होते.

म्हणून मी ठरवलं की एका यंत्रावर दोन कारभार बसवायचे. याला ड्युअल बूट म्हणतात. यंत्राच्या पोटातली डिस्क एकच असते, तिच्यात भिंत घालायची. एका बाजूला विंडोज आहे तसं राहू द्यायचं, त्यात परीक्षेच्या सरावाचं सॉफ्टवेअर आणि जुनी रीत. दुसऱ्या बाजूला लिनक्स बसवायचं आणि त्यात फक्त नवी रीत. यंत्र चालू केलं की काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात. बाणाने एक निवडायची आणि आत जायचं. दोन्ही एकदम चालत नाहीत. इकडून तिकडे जायचं तर यंत्र बंद करून परत चालू करावं लागतं. लोक हा त्याचा तोटा म्हणून सांगतात. मला तोच हवा होता.

लिनक्स मला नवं नव्हतं. काही वर्षं मी एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला जात होते, तिथे तेच होतं. तरी डिस्कला हात लावायच्या आधी मी बसस्टँडमागच्या सादिकभाईंना विचारायला गेले. क्लासची यंत्रं तेच दुरुस्त करतात.

"नक्को मॅडम," ते हातातला स्क्रूड्रायव्हर खाली न ठेवता म्हणाले. "त्या भानगडीत पडू नका. पार्टिशन करताव आन् इकडचं बी जातंय, तिकडचं बी जातंय."

"बॅकअप घेतलाय मी."

"घेतलाव ते बरं केलाव. पण एका म्हशीला दोन खुंट्याला कशापायी बांधताव? दोन म्हशी घ्या की."

"दुसरं यंत्र दिलं तर ती खुर्ची बदलेल. परीक्षेत कुणी खुर्ची बदलू देणार नाही. तिला एकाच खुर्चीत बदलायला शिकायचंय."

सादिकभाईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "मॅडम, तुमी शिकवताव टायपिंग आन् बोलताव हकीमासारखं," म्हणाले. "बिघडलं तर आणा. पण सोमवारी आणू नका, सोमवारी आमचं लई काम असतंय."

रविवारी क्लास बंद असतो. सकाळीच शटर अर्धं वर करून बसले. पहिलं काम म्हणजे विंडोजने पसरून घेतलेली जागा आकसवून घेणं. यंत्र ते स्वतः करतं, आपण फक्त बघायचं. पडद्यावर एक निळी पट्टी मुंगीच्या चालीने सरकते. मला अशा पट्ट्या बघवत नाहीत. मी उठून माठ भरला, खुर्च्या नीट लावल्या, मग परत विस्कटून झाडून घेतलं. पट्टी निम्म्यावर आली आणि वीज गेली.

यूपीएस बोंबलायला लागला. त्याची बॅटरी जुनी होती, किती टिकेल याचा भरवसा नव्हता. आणि या कामात मधेच यंत्र बंद पडलं तर डिस्कवरचं काय राहील आणि काय जाईल हे कुणी सांगू शकत नाही. बॅकअप होता, ते खरं. पण सरावाचं सॉफ्टवेअर नव्याने बसवायचं म्हणजे पुरवणाऱ्याला फोन, त्याची परवानगी, त्याचा माणूस यायची वाट, आणि तेवढ्यात सुजाताचे दिवस गेले असते. मी यूपीएसवर लोंबणारी बाकीची सगळी वायर उपटली. पंखा नव्हताच. नुसतं ते एक यंत्र आणि ती पट्टी. बाहेर ट्रॅक्टर जात होते, कुठल्या तरी लग्नाचं गाणं वाजवत. मी उभीच राहिले. बसले असते तर काही बिघडलं नसतं, पण बसवलं नाही.

पट्टी पुरी झाली. मग यूपीएसने मान टाकली.

दुपारी वीज आल्यावर लिनक्स बसवलं. ते सरळ बसलं. यंत्र बंद करून चालू केलं तर पडद्यावर ओळ एकच, लिनक्सची. विंडोज गायब. आता सादिकभाईंचा चेहरा माझ्या डोळ्यासमोर आला आणि मला त्यांचा रागही आला, बिचाऱ्यांचा काही संबंध नसताना. खरं तर विंडोज कुठे गेलं नव्हतं. भिंतीपलीकडे होतंच, पण दारावर त्याची पाटी लागली नव्हती. लिनक्समध्ये शिरून एक आज्ञा द्यावी लागते, की घरात आणखी कोण राहतं ते शोध आणि दारावर सगळ्यांची नावं लाव. ती आज्ञा मी दोनदा चुकीची टाइप केली. टायपिंग शिकवणारी बाई. तिसऱ्यांदा बरोबर आली, आणि काळ्या पडद्यावर खाली दुसरी ओळ उमटली.

विंडोजच्या पडद्याला मी साधा पांढरा रंग दिला, परीक्षेत असतो तसा. लिनक्सला गडद हिरवा. अक्षरांचा आकारही वेगळा ठेवला. सोमवारी संध्याकाळी सुजाता आली तेव्हा तिला सगळं समजावून सांगितलं.

"बूट म्हंजी पायातला?"

"यंत्र जागं होणं. झोपेतून उठल्यावर आपण कुठल्या गावात आहोत ते ठरवणं."

तिने दोन्हीकडे जाऊन पाहिलं. हिरव्यात गेली, आली. पांढऱ्यात गेली, आली. मग म्हणाली, "हिरवं सासर आन् पांढरं माहेर."

"असं का?"

"जुनं मी आधी शिकले, म्हणून ते माहेर. आन् हापिसात चुकलं की बोलणी बसत्यात. ते सासरच की."

रोजचा नेम असा झाला. आधी थोडा वेळ सासर, मग यंत्र बंद, मग माहेर, मग परत बंद, परत सासर. मला सराव टायपिंगचा द्यायचा नव्हता, तो तिला येत होता. सराव द्यायचा होता बदलण्याचा. पहिले काही दिवस वेलांट्या पडतच राहिल्या. पांढऱ्या पडद्यावर 'वषिय' आणि 'दनिांक', हिरव्यावर ठिपक्यांचे लाडू. मी यंत्र बंद करायला लावत असे, बस.

यंत्र बंद होऊन परत उठेपर्यंत जो वेळ जायचा, तो मला खायला उठायचा. ते यंत्र तसं म्हातारं, कुरकुरत उठायचं. सुजाता मात्र त्या वेळात दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवून शांत बसायची. मी येरझारा घालायची. बाकीची मुलं त्यांच्या त्यांच्या यंत्रांवर दाणे निवडल्यासारखी टाइप करत बसलेली असायची.

"मॅडम, तुमी बी बसा की," ती एकदा म्हणाली.

"मला नाही जमत."

"आमचे हे बी असेच व्हते. हापिसातनं आले की वसरीत हिकडून तिकडं. सर्टिफिकेट व्हतं लोखंडी मशीनचं, पर कॉम्प्युटर आला आन् दोनच बोटं चालायची. सगळी नोकरी दोन बोटांवर काढली बघा. आन् मला दहा बोटं चालवून बी इथं घाम फुटायलाय." तिने हात उलटे करून पाहिले. "नोकरी गेली तर दीर म्हणायला बसलाच हाय. 'मी म्हणलो व्हतो, बाईमाणसाचं काम न्हाय,' म्हणून. एकदा म्हणला तर आयुष्यभर म्हणंल."

पडदा पांढरा झाला. ती वळली आणि सुरू झाली.

परीक्षेच्या तोंडावर येळवस आली. आमच्या जिल्ह्यात त्या दिवशी सगळी गावं ओस पडतात, माणसं रानात असतात. कागदोपत्री ती वेळ अमावस्या, इथे येळवस, आणि माझ्या माहेरी येळ्ळमाशी. एकाच दिवसाची तीन नावं आणि तिन्ही मला येतात. क्लासला सुट्टी द्यावी लागली. माझी चिडचिड झाली, कारण आता कुठे दोन दिवस सुजाताच्या वेलांट्या जागेवर राहिल्या होत्या आणि मधेच हा खंड. सासरच्या शेतावर गेले. ज्वारीत पूजेसाठी कडब्याची कोप घातलेली, आंबिलीचं मडकं, पालेभाज्या-दाण्यांच्या भज्जीचं पातेलं, जावा, नणंदा, त्यांच्या ओळखीच्या बाया. सुजाताचं खेडं वाटेवरच. तिला आधीच म्हटलं होतं, ये म्हणून. ती मुलीला घेऊन आली.

"आमच्यात पूजा न्हाय करत," ती खाली बसत म्हणाली, "पर भज्जी कुणी सोडत न्हाय."

जेवणं झाली. बाया घोंगडीवर आडव्या झाल्या. मला तिथेही चैन नव्हतं. मी बांधावरून चक्कर मारून आले, तर सुजाता बसल्या जागी मांडीवर बोटं आपटत होती. मी उभ्यानेच विचारलं, "विनंती. आधी काय?"

तिने बोटं थांबवली. वर पाहिलं. "सासरची विनंती का माहेरची, ते आधी सांगा."

बाकीच्यांना काही संदर्भ नव्हता. माझी मोठी जाऊ उठून बसली आणि म्हणाली, "सासरी कसली विनंती गं? तिथं हुकूमच असतोय." सगळ्या हसल्या. सुजाताही हसली, पण तिची नजर माझ्यावर होती, उत्तराची वाट बघत. इतके दिवस ती शब्द ऐकला की बोटं पुढे टाकायची. आज तिने आधी गाव विचारलं. मी ताटं गोळा करायला घेतली. ताटं आधीच गोळा झालेली होती.

परीक्षा धाराशिवला होती. एसटीने निघालो. ढोकीच्या अलीकडे बस उसाच्या ट्रॅक्टरमागे अडकली. दोन ट्रॉल्या, रस्ताभर पसरलेलं पाचट, पुढून येणारी वाहनं. ड्रायव्हर शांत होता. कंडक्टर शांत होता. सुजाता हात मांडीवर पालथे ठेवून बसली होती. मी पुढे जाऊन विचारलं, ओव्हरटेक का करत नाही म्हणून.

"ताई, तुम्ही चालवताव का?" ड्रायव्हर म्हणाला.

वेळेत पोचलो. ती आत गेली. फाटकाशी उभ्या असलेल्या एका बाईने विचारलं, "कोण बसलंय? लेक का?" मी नाही म्हटलं. विद्यार्थिनी म्हटलं असतं तर चाललं असतं. रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत राहिले. चहावाल्याने दोनदा चहा विचारला आणि तिसऱ्यांदा विचारायचं सोडून दिलं.

बाहेर आल्यावर तिने स्कार्फ सोडून परत बांधला. "पडदा पांढरा व्हता," म्हणाली. "बसल्याबसल्या म्हणलं, चला, माहेरी आलोत."

"वेलांट्या?"

"सगळ्या जागेवर." आम्ही बसस्टँडकडे चालायला लागलो. बसमध्ये बसल्यावर म्हणाली, "एक सोडून. 'निर्णय' असा शब्द व्हता. त्याचा रफार मी आधी दिला का नंतर, ते आठवंना."

रफाराचंही तसंच आहे. जुन्या रीतीत तो अक्षरानंतर येतो, नव्यात आधी. आम्ही वेलांटीवर एवढं लक्ष दिलं होतं की रफाराला कुणी विचारलंच नव्हतं. एका चुकीने कुणी नापास होत नाही, हे मी तिला सांगितलं. मला ते माहीत होतं. तरी निकाल लागेपर्यंत तो 'निर्णय' माझ्या डोक्यात फिरत राहिला. स्वयंपाक करताना मी ओट्यावर बोटांनी तो टाइप करून बघायची, या रीतीने, त्या रीतीने. कारखाने चालूच होते. उसाची तोडणी संपत आली, टोळ्यांच्या गाड्या परतीला लागल्या, उन्हं चढली, तरी निकाल नाही.

लागला तेव्हा सुजाता पास होती. तिने फोन केला, मी "बरं झालं" म्हटलं. ती म्हणाली, "दिराला सासूनंच सांगितलं. मी न्हाय." नंतर पेढे घेऊन आली, मुलांना वाटले, यंत्राजवळ जराशी उभी राहिली आणि गेली. क्लासला येण्याचं कारण उरलं नव्हतं.

आता क्लासात मुलं कमी असतात. फोनला बोलून दाखवलं की तो लिहून देतो. बोलून लिहिताना वेलांटी आधी की नंतर, हा प्रश्नच नाही. मुलं मला विचारतात, मॅडम, हे शिकून पुढे काय? मी म्हणते, परीक्षा आहे तोवर शिका. हे उत्तर मला पुरत नाही, त्यांनाही पुरत नसणार. कधी वाटतं, आम्हा दोघींची ती एवढी धडपड अशा गोष्टीसाठी होती जी पाच-दहा वर्षांत कुणाला समजावूनही सांगता येणार नाही. मग वाटतं, त्याने काय बिघडलं. उमरग्याच्या घरात आता कानडी बोलणारं कुणी नाही, म्हणून तेव्हा मारलेल्या हाका खोट्या होत नाहीत. असा विचार आला की मी उठते आणि फडकं शोधते.

या वर्षी ट्रॅक्टर सुरू व्हायच्या थोडं आधी मला जागेच्या कामासाठी एक दाखला हवा होता. सुजाताच्याच कार्यालयात मिळतो. गेले तर खिडकीत ती होती. चष्मा लागलाय. मी सरळ खिडकीशी गेले.

"मॅडम, रांग तिकडून हाय," ती म्हणाली. आवाज कोरडा, सरकारी. रांगेतले दोघे-तिघे वळून माझ्याकडे बघायला लागले.

मी मागे जाऊन उभी राहिले. रांग हळू सरकत होती आणि आश्चर्य म्हणजे मला घाई नव्हती. तिथून तिचे हात दिसत होते. ती अर्ज वाचायची, माणसाकडे बघून एखादा प्रश्न विचारायची आणि प्रश्न विचारता विचारता बोटं चाललेली असायची. कीबोर्डकडे नजर नाही.

माझा नंबर आला. तिने माझं नाव विचारलं नाही, गावही नाही. टाइप केलं, छापलं, शिक्का मारला, कागद पुढे सरकवला. "बघून घ्या," म्हणाली. ते ती सगळ्यांनाच म्हणत होती.

मी तिथेच बघायला लागले. दिनांक, विषय, विनंतीवरून, निवासी, निर्गमित. ओळीओळीला वेलांटी होती, मधे दोन रफार होते. इतकी वर्षं कागद हातात आला की मी चूक शोधते, त्याशिवाय मला वाचताच येत नाही. शेवटपर्यंत गेले. काही सापडलं नाही. असं होत नाही कधी. म्हणून परत वरून सुरू केलं.

मागचा माणूस म्हणाला, "मावशी, झालं असंल तर सरका की."